दत्त

आपल्या घरांत 'दत्त' हा शब्द प्रथम कानावर पडतो तो आरतीच्या वेळी, तीन शिरे, सहा हात, मागे गाय आणि पायाशी चार श्वान अशा त्या मूर्तीसमोर, आणि लहानपणी तो आपल्याला एका देवाचे नाव म्हणूनच ठाऊक असतो. पुढे कोणी जाणते माणूस सांगते की दत्त म्हणजे दिलेला. अत्री ऋषींनी पुत्र मागितला तेव्हा देवाने दुसरे काही न देता स्वतःलाच देऊन टाकले, म्हणून तो दत्त, आणि अत्रींच्या घरी आला म्हणून आत्रेय. मी आयुष्यभर माध्यमिक शाळेत गणित शिकवले, शेवटची काही वर्षे बी.एड.च्या मुलामुलींना संख्याशास्त्राची ओळखही करून दिली, आणि त्या वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर 'प्रदत्त संकलन' हे दोन शब्द लिहिताना दर वर्षी माझा खडू क्षणभर थांबत असे. कारण आज ज्याला सगळे सरसकट डेटा म्हणतात त्याचे हे पुस्तकी नाव, आणि त्या नावाच्या पोटात तोच देव बसलेला. डेटा हा शब्दही वाटतो तितका परका नाही. तो लॅटिनमधून आला, तिथेही त्याचा अर्थ 'दिलेल्या गोष्टी' असाच आहे, आणि त्याच्या मुळाशी असलेला धातू व संस्कृतातला 'दा' हे एकाच कुळातले आहेत.

वाचकहो, या एका शब्दापाशी थोडे थांबू या. आपण रोजच्या बोलण्यात आकडे काढले, माहिती गोळा केली, असे म्हणतो, जणू नदीच्या पात्रातून वाळू उपसावी आणि ढीग घालावा तशी माहिती बाहेर पडलेलीच असते आणि आपण ती उचलायची तेवढी राहिलेली असते. 'दत्त' हा शब्द मात्र आपल्याला लगेच अडवतो आणि विचारतो, कोणी दिले? दत्त म्हटले की दाता आला, घेणारा आला, दिलेली वस्तू आली, आणि धर्मशास्त्रकारांनी दानाची जी सहा अंगे सांगितली त्यांत याखेरीज श्रद्धा, देश आणि काळ हीही आहेत. गीतेच्या सतराव्या अध्यायातही सात्त्विक दानाची ओळख देश, काळ आणि पात्र यांवरूनच करून दिली आहे. एखादा आकडा हातात आला आणि तो कोणी दिला, कोणाला दिला, कुठे दिला, केव्हा दिला, आणि कोणत्या विश्वासाने दिला हे सांगता येईना, तर तो आकडा कितीही दशांश स्थळांपर्यंत काढलेला असो, तो दत्त उरत नाही, बेवारस होतो.

आता दिले काय, हे पाहायला हवे, कारण दान घेणाऱ्याचा पहिला धर्म हाच की जेवढे दिले तेवढेच घ्यावे. अंगणवाडीची नोंदवही कधी हातात घेऊन पाहा. एका लेकराची एक ओळ. त्यात त्याचे नाव आहे, मुलगा की मुलगी ते आहे, आईचे हे कितवे अपत्य ते आहे, जन्मतारीख आहे, वजन आहे, आणि दंडाचा घेर आहे. सगळे रकाने एकाच पेनाने, एकाच बाईंच्या हस्ताक्षरात भरलेले, म्हणून आपल्याला वाटते की हे सगळे एकाच जातीचे आहे. तसे नसते. त्या एका आडव्या ओळीत देण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा शेजारी शेजारी बसलेल्या असतात. १९४६ साली एस. एस. स्टीव्हन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 'सायन्स' या नियतकालिकातल्या एका छोट्या लेखात या तऱ्हा चार पायऱ्यांनी मांडल्या, आणि तेव्हापासून संख्याशास्त्राची अनेक पाठ्यपुस्तके त्याच पायऱ्यांवरून चढतात. आपण मात्र त्या आपल्या शब्दाच्या हाताला धरून चढू.

काही वेळा केवळ नाव दिलेले असते. मुलगा किंवा मुलगी, विहिरीचे पाणी किंवा नळाचे, मराठी किंवा गोंडी किंवा कोरकू. यांतले एक दुसऱ्याहून मोठे नाही, ते फक्त वेगळे आहे, आणि वेगळेपण एवढेच काय ते दत्त आहे. फसगत तिथे होते जिथे नावाने अंकाचा वेष घेतलेला असतो. आपला पिनकोड पाहा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला, आणि त्याची रचना टपाल खात्यात असलेले श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली, जे स्वतः संस्कृतचे कवी होते; शब्दाचे मोल जाणणाऱ्या माणसाने सहा अंकांत गावांची नावे गुंफली याचे मला नेहमी समाधान वाटत आले आहे. पुण्याचा पिनकोड ४११ ने सुरू होतो, गोव्याचा ४०३ ने. आता ४११ मधून ४०३ वजा करून पाहा, आठ उरतील. पण ते आठ कशाचे, हे कोणालाच सांगता येणार नाही, कारण दिले होते ते नाव होते, आणि नावातून नाव वजा होत नसते. नावे फक्त मोजता येतात, या नावाची किती आणि त्या नावाची किती.

याच्या पुढची पायरी क्रमाची. आईचे हे तिसरे अपत्य, म्हणजे आधी दोन झाली, एवढे नक्की दिले गेले. पण पहिल्या आणि दुसऱ्यात किती अंतर होते, दुसऱ्या आणि तिसऱ्यात किती, हे त्या 'तिसरे' या शब्दात दिलेले नाही. पालखी सोहळ्यात दिंड्यांना रथापुढे आणि रथामागे क्रमांक असतात, आणि वारकरी आपल्या दिंडीचा क्रमांक नावासारखाच सांगतो. त्या क्रमांकाने कोण कोणाच्या पुढे चालतो हे कळते, दोन दिंड्यांमध्ये किती पावलांचे अंतर आहे हे कळत नाही, आणि चौथ्या दिंडीची भक्ती दुसरीच्या दुप्पट किंवा अर्धी, असे तर कोणाच्या मनातही येत नाही. जे वारकऱ्याला सहज समजते ते आपण प्रश्नावलीत विसरतो: उत्तम, बरे, वाईट अशा उत्तरांना तीन, दोन, एक असे अंक देतो आणि लगेच त्यांची सरासरी काढून मोकळे होतो. लोकांनी क्रम दिला होता. अंतर आपण आपल्या पदरचे घातले. असे आकडे हाताळताना मधले उत्तर कोणते, म्हणजे मध्यक, एवढेच विचारावे. दिल्याहून अधिक घेतले की दान भ्रष्ट होते.

अंतर दिलेले असते ते तिसऱ्या पायरीवर, आणि इथे आपल्या दोन कालगणनांहून चांगला दाखला मला आजवर सापडलेला नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली, म्हणजे इसवी सन १२९०. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक शके १५९६ चा, म्हणजे इसवी सन १६७४. दोन्हींतले अंतर शकात मोजा वा सनात, ३८४ वर्षेच येते, कारण अंतर हे खरोखर दिलेले आहे. पण एका सालाला दुसऱ्याने भागायला जाल तर शकात एक उत्तर येईल आणि सनात वेगळे, कारण या दोन्ही गणनांचे शून्य माणसांनी आपापल्या सोयीने रोवलेले आहे. काळ काही तिथे सुरू झाला नव्हता. तापमापकाचेही तसेच, शून्य अंशाला उष्णता संपत नाही, म्हणून चाळीस अंश हे विसाच्या दुप्पट ऊन असे म्हणता येत नाही. 'किती फरक' हे तिथे दत्त आहे, 'किती पट' हे दत्त नाही.

आणि मग येते वजन. लेकराला झोळीत बसवून ती झोळी काट्याला अडकवण्याची पद्धत ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल की समजूतदार सेविका आधी रिकामी झोळी अडकवते, काटा शून्यावर आणते, आणि मगच लेकरू आत ठेवते. दत्तात्रेयाच्या खांद्यावरची झोळी आणि ही झोळी मला कधी वेगळ्या वाटल्या नाहीत. दोन्ही रिकाम्या असल्याखेरीज घेण्याच्या कामाच्या नाहीत. इथले शून्य खरे शून्य आहे, काहीही नाही असे शून्य, म्हणून बारा किलोचे मूल सहा किलोच्या दुप्पट आहे असे निःशंक म्हणता येते. अशा ठिकाणी दात्याने सगळे दिले: वेगळेपण, क्रम, अंतर आणि पट. पण याच पूर्ण दानातून आपण अनेकदा थोडेसेच ठेवून घेतो. दंडाचा घेर मोजायची जी पट्टी असते तिच्यावर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे असतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्याच्या वर हिरवा. रंगाने काम झटपट होते, अक्षर न येणाऱ्या आईलाही ते कळते, आणि म्हणून रंग हवाच; पण नोंदवहीत नुसते 'पिवळा' लिहिले आणि १२.४ की ११.६ हे लिहिले नाही, तर पुढच्या महिन्यात ते मूल सावरते आहे की घसरते आहे हे सांगणारा दत्त आपणच हरवलेला असतो. सेंटिमीटरमधून रंग केव्हाही काढता येतो, रंगातून सेंटिमीटर परत येत नाहीत.

मराठीने याच ठिकाणी एक सूक्ष्म भेद फार पूर्वीपासून जपला आहे. माणसे आपण मोजतो, दूध मापतो. मोजतो ते नग, सुटे, दोन आणि तीन यांच्यामध्ये काही नसलेले, आणि मापतो ते अखंड, ज्यात दोन आणि तीनच्या मध्ये कितीही बारीक जागा काढता येते. संख्याशास्त्र यांना खंडित आणि सलग चल म्हणते. खळ्यावर धान्याच्या पायल्या मोजताना, म्हणजे अखंड राशीला मापाने सुटे करताना, जुनी माणसे पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत. 'लाभ' म्हणत, आणि मग दोन, तीन. पहिले माप आपल्या हिशेबाचे नाही, ते मिळाले आहे, ही जाणीव मोजणीच्या तोंडीच बांधून ठेवण्याची ही रीत मला सगळ्या पाठ्यपुस्तकांहून थोर वाटते.

दिले काय हे पाहिले. आता घ्यावे कसे? भागवताच्या अकराव्या स्कंधात एक अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, परंपरा त्या अवधूताला दत्तात्रेय मानते, आणि नाथमहाराजांनी तो प्रसंग एकनाथी भागवतात विस्ताराने मराठीत आणला. पृथ्वी, वायू, आकाश, कबुतर, अजगर, मधमाशी, कोळी, बाण करणारा कारागीर. यांतल्या बहुतेकांना अवधूताने काही विचारले नाही. तो थांबला आणि त्याने पाहिले. निरीक्षण ही दत्त स्वीकारण्याची सर्वांत जुनी पद्धत, जिथे दात्याला आपण देतो आहोत हेही ठाऊक नसते, म्हणून पाहणाऱ्यावरची जबाबदारी तिथे अधिक.

त्याच चोवीस गुरूंतला मधुकर शिकवतो की प्रत्येक घरून थोडे घ्यावे, कोणा एकावर भार टाकू नये. माधुकरी ती हीच. नमुना पाहणीचा सारा विचार या एका शब्दात बीजरूपाने आहे: सगळी फुले लुटायची गरज नसते, निवड नीट असेल तर थोड्यांतून रानाची चव कळते. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी हे शास्त्र आपल्या देशात रुजवले, १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. आणि साताऱ्याच्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे यांनी ते शेताच्या बांधापर्यंत नेले. पीक कापणी प्रयोग ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की तुकडा कुठे आखायचा हे ना शेतकरी ठरवतो, ना कृषी सहायक. कोष्टकातून यादृच्छिक आकडे काढतात, शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबीत इतकी आणि रुंदीत इतकी पावले टाकतात, आणि जिथे पाऊल पडेल तिथे खुंटी ठोकतात, मग तिथे पीक दाट असो की विरळ. बऱ्याच पिकांसाठी तो तुकडा दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद. महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. सुखात्म्यांनी दाखवले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन खऱ्याहून जास्त दिसते. कारण ऐकण्यासारखे आहे. दोरीच्या अगदी काठावर उभे असलेले ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की हात नकळत ते आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितका त्याच्या मानाने काठ मोठा. कोणी लबाडी केलेली नसते. फक्त घेणाऱ्याचा हात, न दिलेले एक ताट, आपलेसे करतो. मधुकराचा धर्म दोन्हीकडून पाळावा लागतो, कोणाचे घर निवडावे यातही आणि उंबऱ्यावर किती घ्यावे यातही.

आणि जिथे विचारूनच घ्यावे लागते, तिथे झोळी पुढे करण्याची रीतच सारे काही ठरवते. १९९१ च्या जनगणनेत मी प्रगणक होते. फेब्रुवारीतली दुपार, एका वाड्याच्या ओसरीवर एक बाई लसूण सोलत बसल्या होत्या, वय विचारले तर म्हणाल्या, "लिहा की बाई साठ." आपल्याकडच्या जनगणनांत वयाचे आकडे शून्य आणि पाच यांवर असे थवे करून बसतात, हे मला माहीत होते. मी पेन खाली ठेवले आणि बसले. इकडचे तिकडचे बोलणे झाले, आणि त्या म्हणाल्या की गांधी गेले त्या साली त्यांना न्हाण आले. म्हणजे १९४८, म्हणजे तेव्हा तेरा-चौदाच्या, म्हणजे आता छप्पन्न-सत्तावन्न. साठ हा आकडा मला देण्यात आला होता, तो मला वाटेला लावण्यासाठी. छप्पन्न माझ्यावर विश्वास बसल्यावर मिळाले. दारात उभा असलेला प्रगणक पुरुष असता तर ते वाक्य त्यांनी उच्चारलेच नसते. दानाच्या अंगांत श्रद्धा का घातली आहे, हे मला त्या ओसरीवर समजले.

स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा जो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात हेच फार मोठ्या प्रमाणावर दिसते. दवाखान्यात आपणहून येणाऱ्या बायकांच्या नोंदींवर त्या थांबल्या नाहीत. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपर्यंत गेल्या, त्यांच्याशी बोलल्या, त्यांची तपासणी केली, आणि ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग असल्याचे आढळले. यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. दवाखान्याचे रजिस्टर खोटे नव्हते. ज्या आल्या त्यांनी जे दिले ते त्यात होते. पण ज्यांना कोणी मागितलेच नाही त्यांचे दान कोणत्याच झोळीत नव्हते, आणि रिकाम्या रकान्याला आपण सहज 'आजार नाही' असे वाचतो.

दुसऱ्याने घेतलेले आपण वापरतो तेव्हा ते दुय्यम प्रदत्त होते, आणि त्यात कमीपणा नाही. तलाठ्याचा सातबारा, ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यूची वही, यांवाचून कोणाचेच काम चालत नाही. एवढेच ध्यानात धरावे की ते उसने आहे. १९६९ च्या कायद्याने जन्म आणि मृत्यू २१ दिवसांत नोंदवायचा असतो, म्हणून त्या वहीत जे आहे ते घडले त्याची नोंद नव्हे, जे कोणी येऊन सांगितले त्याची नोंद आहे. ती वही कोणत्या हेतूने सुरू झाली, तिच्यात कोण येत नाही, हे विचारल्याशिवाय ती उघडू नये.

१९९१ ची ती गणना १ मार्चच्या सूर्योदयाच्या क्षणाची मानलेली होती, आणि त्या क्षणानंतर आम्हा प्रगणकांना पाच दिवस पुन्हा घरोघरी जायचे होते, मधल्या काळात कोणी गेले असेल तर नाव कमी करायला आणि कोणी आले असेल तर वाढवायला. त्याच वाड्यात मागच्या खोलीत २८ फेब्रुवारीच्या रात्री मुलगी झाली होती. बारसे व्हायचे होते, म्हणून नावाच्या रकान्यात मी 'बाळ' असे लिहिले, पुढे 'स्त्री' लिहिले, आणि वयाच्या रकान्यात, पूर्ण झालेली वर्षे लिहायची असतात म्हणून, शून्य लिहिले.